ताण आणि बहार

परदेशातल्या मराठी घरांत बागेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. वेल चांगली वाढली आहे, कुंपणावर चढली आहे, पानं तर इतकी की खिडकी झाकून गेली. पण फूल म्हणून नाही. न्यू जर्सीत किंवा इंग्लंडमध्ये ही तक्रार बहुधा विस्टेरियाची असते. इथे सौदीत ती बोगनवेलीची असते, नाहीतर मोगऱ्याची. जाणकार माणसाचं उत्तर मात्र बरेचदा एकाच वळणाचं असतं आणि नव्या माणसाला ते ऐकून जरा धक्का बसतो. तुम्ही फार लाड करताय. खत थांबवा, पाणी तोडा, कात्री चालवा. थोडं हाल होऊ द्या, मग बघा कशी फुलते.

बागेपुरतं हे उत्तर पुष्कळ अंशी खरं आहे. पण आपण ते बागेपुरतं ठेवत नाही. मुलांविषयी, कामगारांविषयी आणि स्वतःच्या गेल्या दिवसांविषयी बोलताना आपण हेच वाक्य वापरतो. हाल सोसल्याशिवाय माणूस फुलत नाही, असं म्हणतो आणि पुरावा म्हणून बोट दाखवतो ते झाडाकडे. हा पुरावा किती चालतो, ते या लेखात तपासून पाहायचं आहे. त्यासाठी आधी झाडाकडेच नीट बघावं लागेल, कारण झाड काय करतं हे बरेचदा आपण अर्धंच सांगतो.

विस्टेरियापासून सुरुवात करू. ही वेल शेंगावर्गातली, म्हणजे आपल्या वाल-चवळीची नातेवाईक. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन तिला मिळवून देतात. वरून आपण युरिया किंवा लॉनचं खत घातलं की ती पानं आणि लांबलचक फोक काढत बसते. बियांपासून लावलेली विस्टेरिया फुलायला दहा-पंधरा वर्षं घेऊ शकते. कलमाची तीन-चार वर्षांत फुलते. म्हणून जाणकार सांगतात की रोप घेताना कलमाचंच घ्या, शक्यतो फुलावर असलेलं. मग वर्षातून दोनदा छाटणी. जुलै-ऑगस्टमध्ये त्या वर्षीचे लांब फोक पाच-सहा पानांवर आणायचे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तेच फोक दोन-तीन डोळ्यांवर आणायचे. भरपूर ऊन हवं. आणि तरीही वेल हट्टाला पेटली असेल तर बुंध्यापासून थोड्या अंतरावर जमिनीत फावडं उभं खुपसून काही मुळं तोडायची. थंडीही लागते तिला. रियाधच्या चुनखडीच्या जमिनीत, उन्हाळ्यातल्या 45 अंशांत आणि सौम्य हिवाळ्यात ती सुखी होणार नाही, म्हणून इथे तिच्या नादाला फारसं कोणी लागत नाही.

इथल्या भिंतींवर राज्य आहे बोगनवेलीचं. ब्राझीलमध्ये 1760च्या दशकात फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्सनने ती पाहिली आणि आपल्या मोहिमेच्या कप्तानाचं, बोगनव्हिलचं, नाव तिला मिळालं. अरबीत मात्र तिला म्हणतात 'जहन्नमिया'. नरकातली, असंच म्हणा ना. रियाधच्या ऑगस्टमध्ये, दुपारी हात लावला तर पोळेल अशा भिंतीवर तिचा गुलाबी-जांभळा जाळ पाहिला की हे नाव ठेवणाऱ्याचं कौतुक वाटतं. तिच्याबाबतीतही नियम तोच. रोज पाणी, भरपूर खत मिळालं की ती हिरवीगार होते. पाण्याचा ताण पडला, दिवस लहान झाले, ऊन पूर्ण मिळालं की रंग येतो. आणि रंग म्हणजे तरी काय, तर फुलाभोवतीची पानं. खरं फूल त्या तीन रंगीत पानांच्या मधे असतं, पांढुरकं, एवढंसं, जवळ गेल्याशिवाय न दिसणारं.

आता 'ताण' हा शब्द. आपल्या मराठीत तो दोन ठिकाणी राहतो. एक डॉक्टरांच्या आणि मानसोपचाराच्या भाषेत, आणि दुसरा, त्याहून जुना, शेतकऱ्याच्या. विदर्भातल्या संत्र्याच्या बागेत, सांगोल्याच्या डाळिंबात, पेरूच्या बागेत 'ताण देणं' हे वर्षाचं ठरलेलं काम आहे. ताण दिल्यावर जो फुलोरा येतो तो बहार. आपल्याकडे बहार तीन: मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार, ज्याला विदर्भात आंबिया म्हणतात. मृगाचा पावसाळ्याच्या तोंडावर येतो, हस्ताचा सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहोराच्या सुमारास. बाजारभाव, पाण्याची सोय आणि कीड-रोगाचा अंदाज पाहून शेतकरी कोणता बहार धरायचा ते ठरवतो. 'धरायचा' हा शब्दही मला आवडतो. बहार झाडाचा, पण धरणारा माणूस.

या ताणाचे नियम मात्र शहरातल्या माणसाला माहीत नसतात, आणि सगळी मजा तिथेच आहे. ताण म्हणजे नुसतं पाणी बंद करणं नव्हे. जमीन हलकी असेल तर कमी दिवस, भारी काळी असेल तर जास्त, कारण काळी जमीन ओल धरून ठेवते. पानं मलूल झाली, पिवळी पडून थोडी गळाली की समजायचं पुरे झालं. संत्र्याचं झाड साधारण पाच वर्षांचं झाल्याशिवाय त्याच्यावर बहार धरत नाहीत. आधी त्याला वाढू देतात. आजारी, अशक्त झाडाला ताण देत नाहीत. एका वर्षात एकच बहार, दोन नाही. ताणाच्या आधी झाडाने पानांतून अन्न तयार करून फांद्यांत साठवलेलं असलं पाहिजे, नाहीतर फुलायला ते आणणार कुठून? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ताण ज्याने दिला त्यानेच तो वेळेवर 'तोडायचा'. ताण तोडणं हा खास शब्द आहे. खत घालायचं, आधी हलकं पाणी द्यायचं, मग बेताने वाढवत न्यायचं. ताण तोडल्यानंतर पाण्यात खंड पडला तर आलेलं फूल गळतं. फळं उतरल्यावर बागेला पुन्हा विश्रांती.

म्हणजे 'तहानलेलं ठेवलं की फुलतं' हे अर्धं वाक्य झालं. पूर्ण वाक्य असं: ज्या झाडाकडे साठा आहे, ते वयात आलं आहे, निरोगी आहे, त्याला मोजून काही दिवस तहानलेलं ठेवलं आणि मग वेळेवर पाणी दिलं, तर ते फुलतं. तहानेने फुटवा थांबतो आणि साठा फुलांच्या कामी येतो. पण फूल टिकतं, फळ धरतं, ते नंतरच्या पाण्यावर. ताणाचं श्रेय आपण घेतो आणि पाण्याचं विसरतो.

शिवाय सगळ्या झाडांना हा न्याय लागू नाही. मोगऱ्याचंच घ्या. हिवाळ्यात मोगऱ्याची छाटणी करतात, थोडे दिवस पाणीही आवरतात. पण एकदा कळ्या धरल्या की त्याला ऊन, खत आणि भरपूर पाणी लागतं. रियाधच्या मे महिन्यात कुंडीतल्या मोगऱ्याला 'जरा सोसू दे' म्हणून दोन दिवस कोरडं ठेवलं तर कळ्या तपकिरी होऊन हातात येतात. सौदीच्या दक्षिणेला, येमेनच्या सीमेजवळ जाझानला गेलात तर रस्त्याकडेला मोगऱ्याचे गजरे विकायला दिसतील. तिथे त्याला 'फुल' म्हणतात, बायका तो केसांत माळतात, लग्नात तर हवाच. कोकणातल्या माणसाला क्षणभर आपण कुठे आहोत हे कळत नाही. जाझानची हवा दमट, उष्ण. मोगऱ्याला तिथे परकं काही वाटत नाही. आणि ताइफचा गुलाब याच्या अगदी उलट. समुद्रसपाटीपासून 1,700 मीटरच्या वर, हिवाळ्याची थंडी खाऊन, छाटणी सोसून तो मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, आणि पहाटे ऊन तापायच्या आत खुडला जातो. या गुलाबाभोवतीच्या परंपरांचा युनेस्कोने 2024 साली आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. त्याचं अत्तर अजूनही तोळ्यावर विकतात. आपला तोळा, अरबीत 'तोला'. एका तोळ्याला दहा-बारा हजार फुलं लागतात असं सांगतात.

तेव्हा एकाच देशात एक फूल थंडी मागतं, एक तहान मागतं आणि एक ओलावा मागतं. 'झाडाला हाल सोसावे लागतात' असा सरसकट नियम निसर्गात नाहीच. कोणत्या झाडाला काय लागतं, ते झाड कोणतं यावर अवलंबून आहे. फिलिपा फूट या इंग्लिश तत्त्वचिंतक बाईंनी 2001 साली 'नॅचरल गुडनेस' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. नीतीचा विचार करताना त्या वनस्पतींपासून सुरुवात करतात. झाडाची मुळं चांगली आहेत असं आपण म्हणतो तेव्हा ती आपल्याला आवडतात असा अर्थ नसतो. त्या जातीच्या झाडाच्या आयुष्यात मुळांनी जे करायचं ते ती करताहेत, असा असतो. म्हणजे झाडाचं भलं हे झाडाचंच असतं, माळ्याच्या सोयीने ठरत नाही. मला हा मुद्दा फार कामाचा वाटतो. बोगनवेल पानांनी भरली तर तिचं काही बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं ते आपलं. भिंतीवर रंग हवा असतो तो आपल्याला.

झाडाच्या बाबतीत यात अनीती आहे, असं मी म्हणत नाही. झाडाला दुःख होतं असं समजायला मला आधार दिसत नाही, आणि बागकाम म्हणजे शेवटी निसर्गाशी केलेली थोडी जबरदस्तीच. पण ताण देताना हवं ते फळ कोणाचं, हा प्रश्न माणसाकडे वळलं की टाळता येत नाही.

कोकणातलं एक उदाहरण बघा. हापूसला दरवर्षी मोहोर येत नाही. एक वर्ष आड येण्याकडे त्याचा कल असतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने शिफारस केलेलं एक संजीवक आहे, पॅक्लोब्युट्राझॉल. बागायतदार त्याला 'कल्टार' या बाजारातल्या नावानेच ओळखतात. झाडाच्या वाढीला लागणारं जिबरेलिन त्याने कमी होतं, पालवी आवरते आणि मोहोर लवकर आणि नियमित येतो. झाडाचा घेर मोजून ठरलेल्या मात्रेत दिलं, सोबत खत दिलं, तर चालतं. पण कोकणात एक तक्रार नेहमी ऐकू येते. मालक बाग काही वर्षांच्या कराराने देतो. घेणाऱ्याला त्या दोन-चार वर्षांतच पैसे वसूल करायचे असतात. तो कल्टारची मात्रा वाढवतो, खताकडे दुर्लक्ष करतो, मोहोर दणकून घेतो. करार संपतो, तो निघून जातो आणि मालकाच्या हाती थकलेली झाडं येतात. औषध तेच, झाड तेच. फरक एवढाच की ताण देणाऱ्याला झाडाच्या उद्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आता कराराच्या माणसांकडे येऊ. सौदीत भारतीयांची संख्या 25 लाखांच्या आसपास आहे. त्यात आपल्यासारखे व्हिला-कंपाउंडमध्ये राहणारे थोडे. बाकीचे रस्ते, इमारती, गोदामं, स्वयंपाकघरं आणि बागा सांभाळणारे. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांत एक पिढी तरी जेद्दा किंवा दम्मामला राहून आली आहे; गावात त्यांच्या पैशाने बांधलेली घरं उभी आहेत. आमच्या कंपाउंडमधल्या बोगनवेली सांभाळणारा माळी उत्तर प्रदेशचा. त्याची रीत मी बरीच वर्षं बघते आहे. आठवड्यातून एकदा पाणी, ऊन पूर्ण, आणि सप्टेंबर संपला की कात्री. त्याच्या वेली गल्लीत सगळ्यांत आधी रंगतात. त्याला घरी जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला एकदा सहज बोलताना कळलं. मुलगी मधल्या काळात शाळेत जायला लागली होती.

याच गल्लीतल्या एका जेवणाच्या वेळी, मंडळी चांगली, मनाने उदार, कोणीतरी म्हणालं की ही माणसं इथे येऊन घडतात. कष्टाने सोन्यासारखी होतात. बोलणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच होता. पण मला वाटतं, या कौतुकात एक मोठी सोय दडलेली आहे. हाल माणसाला घडवतात असं एकदा मानलं की हाल कमी करण्याची घाई उरत नाही. उलट हाल देणारा थोडासा उपकारकर्ताच ठरतो.

इथे बागेचा नियम लावून बघा. ताण मोजलेला आहे का? सौदीत 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी बारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. हा कायदा म्हणजे ताणाला घातलेलं मोजमापच, आणि तो चांगला आहे. ताण तोडण्याची सोय आहे का? मार्च 2021 पासून लागू झालेल्या कामगार सुधारणेने खाजगी क्षेत्रातल्या अनेकांना, काही अटींवर, मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली. पण त्या सुधारणेतून घरकामगार, खाजगी ड्रायव्हर, घराचे चौकीदार, मेंढपाळ आणि माळी किंवा शेतमजूर वगळलेले होते. म्हणजे घरोघरी खाजगीत राबणारा, झाडांचा ताण कधी तोडायचा हे सगळ्यांत नीट जाणणारा माळी, स्वतःचा ताण तोडू शकणाऱ्यांच्या यादीत नव्हता. माणूस घडतो आहे असं ज्याच्याबद्दल आपण म्हणतो, त्याला निघून जाता येतं का, हे आधी विचारलं पाहिजे. निघता येत नसेल तर त्याला घडणं म्हणू नये.

यावर कोणी म्हणेल, की पण इतिहास बघा. तुकाराम घ्या. 1630च्या दुष्काळात व्यापार बुडाला, पहिली बायको रखमा गेली, मुलगा संतू गेला. त्या दुःखातूनच तर तुकोबा उभे राहिले. हे कीर्तनात ऐकत आपण मोठे झालो आहोत आणि तुकोबांच्या बाबतीत त्यात तथ्यही असेल. पण तो दुष्काळ एकट्या देहूवर पडला नव्हता. दख्खन-गुजरातेत माणसं किती मेली याची गणती नाही. त्यांच्यातल्या कोणी अभंग लिहिले नाहीत. रखमाने लिहिले नाहीत. दुष्काळाने तुकाराम घडवला म्हणायचं, तर रखमाचं काय केलं हेही दुष्काळाच्याच खात्यावर मांडलं पाहिजे. फुललेलं झाड आपल्याला दिसतं. वाळलेलं उपटून टाकलेलं असतं. निदान बागेत शेतकरी मेलेली झाडं मोजतो, कारण ते त्याचं नुकसान असतं. माणसांच्या बाबतीत आपण फुललेल्यांचेच सत्कार करतो आणि त्यावरून हालांना प्रशस्तिपत्र देतो. तुकोबा दुष्काळामुळे उभे राहिले की दुष्काळ असूनही, हे खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. माझ्यापुरतं मी 'असूनही' म्हणते, कारण त्यात श्रेय तुकोबांकडे राहतं.

मग ताण नकोच का? तसंही नाही. ताण माणसाच्या आयुष्यात असतो, आणि माणूस तो आपणहून घेतोही. मराठीत दोन शब्द शेजारी शेजारी आहेत: उपास आणि उपासमार. पोट दोन्हीकडे रिकामंच. पण एकादशीचा उपास माणूस स्वतः धरतो, तो किती वेळाचा ते त्याला माहीत असतं, आणि द्वादशीला तो सोडायचा असतो. उपासमार कोणी धरत नाही, आणि ती कधी सुटेल हे उपाशी माणसाच्या हातात नसतं. इथे रमजान पाहिला की हे फार स्पष्ट कळतं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, तोही कधीकधी ऐन उन्हाळ्यात. पण मगरिबची बांग झाली की खजूर आणि पाणी समोर असतं. मशिदींबाहेर सुफरे मांडलेले असतात आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून बसवतात. आजारी, प्रवासी, गरोदर बाई, लहान मूल, यांना रोज्यातून सूट. बघा, संत्र्याच्या बागेचेच नियम हे. अशक्ताला ताण नाही, कोवळ्याला ताण नाही, ताणाला ठरलेला शेवट, आणि शेवटी पाणी. फरक मोठा तो एकच, की इथे ताण घेणारा स्वतः तो घेतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1797 साली एक भेद मांडला होता, तो मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. त्याच्या मते माणसाने दोन गोष्टी ध्येय म्हणून धरणं हे त्याचं कर्तव्य आहे: स्वतःची पूर्णता आणि दुसऱ्याचं सुख. आणि यांची अदलाबदल करायची नाही. म्हणजे स्वतःचं सुख आणि दुसऱ्याची पूर्णता, असं नाही. स्वतःच्या सुखाच्या मागे माणूस आपोआपच असतो, ते कर्तव्य म्हणून सांगावं लागत नाही. आणि दुसऱ्याने पूर्ण कसं व्हायचं हे त्याने स्वतः ठरवायचं असतं, ते त्याच्यासाठी आपल्याला करता येत नाही. आपण रोजच्या आयुष्यात नेमकी अदलाबदल करतो. आपल्यासाठी एसी, दुसऱ्यासाठी चारित्र्य.

सगळ्यांत अवघड जागा मुलांची. कारण मूल पूर्ण 'दुसरं' नसतं. त्याला घडवण्याची जबाबदारी खरोखरच आपली असते. परदेशात वाढलेल्या मुलांबद्दल आपल्या पिढीची तक्रार ठरलेली आहे. यांना सगळं मिळालं, गाडीने शाळेत गेली, नळाचं पाणी कधी जाताना पाहिलं नाही, म्हणून यांच्यात जिद्द नाही. आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला. हे म्हणताना आपण आपल्या ताणाची गोष्ट सांगतो आणि पाण्याची गाळतो. कंदिलाखाली अभ्यास करताना शेजारी आजी जागी बसलेली असायची. फीचे पैसे मामाने पाठवलेले असायचे. गावातल्या मास्तरांनी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून घेतला होता. त्या दिवसांत हाल होते हे खरं, पण साठाही होता, फांद्यांत भरलेला, आणि पाणी घालणारे हात आसपास होते. जिथे हे नव्हतं तिथली आपल्या वर्गातली मुलं आज या लेखाचे वाचक नाहीत.

सौदीत तर मुलांना वेगळाच ताण असतो, जो आपण ताण म्हणून मोजतच नाही. हा देश त्यांचा नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. इकामा बापाच्या नोकरीवर, नोकरी संपली की सामान बांधायचं. बारावीनंतर बहुतेक मुलं एकेकटी भारतात किंवा आणखी कुठे जातात. मैत्रिणी दर वर्षी कमी होतात, कारण कुणाचे ना कुणाचे वडील फायनल एक्झिटवर निघालेले असतात. या मुलाला आणखी वर 'जरा सोस' म्हणून मुद्दाम कोरडं ठेवायचं, तर आधी जमीन कोणती आहे ते तपासावं. हलक्या जमिनीला ताण लवकर लागतो, हे आपले शेतकरी उगाच सांगत नाहीत.

मी मुलांना कष्ट देऊ नयेत असं म्हणत नाही. घरातली भांडी घासू द्या, बसने जाऊ द्या, हरू द्या. गणित अडलं तर लगेच धावू नका. पंधरा मिनिटं झगडू द्या. हा ताणच आहे आणि तो चांगला आहे. पण तो मोजलेला असावा. पंधरा मिनिटांनी तुम्ही त्या खोलीत असाल हे त्याला माहीत असावं. आणि शक्य असेल तेव्हा तो त्याने स्वतः मागितलेला असावा: पोहण्याची स्पर्धा, तबल्याचा रियाज, पहिला रोजा ठेवायचा हट्ट धरणारा शेजारचा मुलगा. आणि जे मूल आजारी आहे, मनाने थकलेलं आहे, नुकतंच उपटून दुसऱ्या देशात लावलेलं आहे, त्याला त्या वर्षी बहार नको. पानं काढू दे. पानं काढणंही वाढच असते.

एक गोष्ट मात्र बागेतून माणसाकडे येताना बदलते, आणि तिथे बागेचा दृष्टान्त सोडून द्यावा लागतो. शेतकरी संत्र्याच्या झाडाला सांगू शकत नाही की बाबा रे, पुढचे चाळीस दिवस पाणी नाही, त्यानंतर देतो, घाबरू नकोस. तो पानांकडे बघून अंदाज घेतो, कारण त्याच्यापाशी दुसरा मार्गच नाही. माणसाला सांगता येतं. मुलाला सांगता येतं, की हे कशासाठी आहे, किती दिवस आहे. माळ्याला विचारता येतं, की घरी कधी जाणार, रजेचा अर्ज लिहायला मदत हवी का. आणि विचारल्यावर समोरून 'नको' येऊ शकतं. आपल्याला एखाद्यात फूल बघायचं असेल तर एवढा प्रश्न विचारण्याची आणि ते 'नको' ऐकण्याची तयारी हवी. ती नसेल, तर आपण त्याला ताण देत नाही आहोत, नुसतं पाणी बंद केलं आहे.